तमाम जनतेस कळविण्यात येते की...

आमच्या घरी रविवारच्या वर्तमानपत्राची वाटणी ठरलेली असे. पुरवणी आईची, कारण तिला त्यातले शब्दकोडे सोडवायचे असे. खेळाचे पान माझे. चित्रपटांच्या जाहिरातींवरून दोन्ही बहिणींची ओढाताण चाले. उरलेल्या अंकातून भाऊ, म्हणजे आमचे वडील, एकच पान अलगद काढून घेत. ते असे जाहीर नोटिसांचे. चहाचा कप, चष्मा आणि हातात लाल शाईचे पेन घेऊन ते गॅलरीत बसत आणि आपण ज्या मजकुराकडे ढुंकूनही पाहत नाही, तो मुंगीच्या पावलांच्या अक्षरांतला मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचत.

‘तमाम जनतेस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, गाव मौजे अमुक, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे येथील सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक, ही मिळकत माझे अशील खरेदी करू इच्छितात. तरी सदर मिळकतीवर कोणाचाही विक्री, गहाण, दान, बक्षीस, वारसा, पोटगी, बोजा, कब्जा वा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क वा हितसंबंध असल्यास...’ या लयीत भाऊ मोठ्याने वाचू लागले की आम्ही भावंडे तोंडावर हात धरून हसत असू. नोटिशीच्या शेवटी येणारे ‘तसा हक्क नाही, व असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल’ हे वाक्य तर आमच्या घरात म्हणीसारखे रुळले होते. जेवायला हाक मारूनही कोणी आले नाही की आई म्हणायची, ‘पाच मिनिटांत या, नाहीतर श्रीखंडावरचा हक्क सोडून दिला असं समजण्यात येईल!’

भाऊ विम्कोत होते. १९२३ साली स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या या आगपेट्यांच्या कंपनीचा कारखाना अंबरनाथच्या पश्चिमेला. आम्ही राहायचो पूर्वेला, कानसई विभागात. डबा घेऊन रेल्वेचा पूल ओलांडायचा आणि पाळी संपली की तोच पूल परत ओलांडायचा, यात त्यांची पस्तीस वर्षे गेली. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. वकिलीचा, कंपनी कायद्याचा त्यांचा काही संबंध नव्हता. जमीनजुमलाही नव्हता. मग हा माणूस इतक्या भक्तिभावाने या नोटिसा का वाचतो, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नव्हते. एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, ‘अरे, बातम्या दुसऱ्यांच्या असतात. नोटिसा आपल्या असतात. तमाम जनता म्हणजे कोण? तू आणि मीच ना?’

हे वाक्य मला पुरते कळायला भाऊंना जाऊन बारा वर्षे व्हावी लागली.

दगडावरून कागदावर

जाहीर सूचना देण्याची रीत आपल्याकडे वर्तमानपत्रापेक्षा फार जुनी. अंबरनाथ पूर्वेला, वालधुनीच्या काठी, शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधला शिलालेख त्यावर आहे. कोणाच्या राजवटीत हे देवालय उभे राहिले, हे येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना कळावे, म्हणून ते दगडात कोरून ठेवले. याच शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ कोकणपट्टीत ठिकठिकाणी सापडतात. दान दिलेल्या जमिनीला जो हात लावील त्याला असभ्य शिवी, तीही चित्रासकट! लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावी, अशी ती नोटीसच. पुढे दवंडी आली, चावडीवर डकवलेला कागद आला. आजही सातबाऱ्यावर नवे नाव चढवायचे तर तलाठ्याला फेरफाराची नोटीस चावडीवर लावावी लागते आणि हितसंबंधितांना कळवावे लागते.

दगड असो, दवंडी असो की वर्तमानपत्राचा कोपरा, या सगळ्यांमागे एकच विचार आहे. ज्याला ज्याला सांगायला हवे, त्या प्रत्येकाच्या दारी जाणे शक्य नसते. म्हणून सर्वांना ऐकू जाईल अशा जागी एकदा सांगायचे आणि मग ‘सर्वांना कळले’ असे धरून चालायचे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याने तर ‘नोटीस’ या शब्दाची व्याख्याच मार्मिक केली आहे. एखादी गोष्ट माणसाला प्रत्यक्ष ठाऊक असली म्हणजे तर त्याला नोटीस आहेच. पण जाणूनबुजून चौकशी टाळली नसती किंवा मोठा हलगर्जीपणा केला नसता तर जी त्याला कळली असती, तिचीही त्याला नोटीस आहे असेच धरायचे! ‘मला माहीत नव्हते’ ही सबब घरात चालते, कायद्याच्या दारात लंगडी पडते.

आणि इथेच या बारीक अक्षरांची खरी ताकद आहे. मौन म्हणजे संमती असे आपण लग्नाच्या बोलणीत गमतीने म्हणतो. नोटीस तेच काम गंभीरपणे करते. ठराविक दिवस ती तुमच्या बोलण्याची वाट पाहते. त्यानंतर तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ ती स्वतः लावते.

‘माझे अशील’

या नोटिसांच्या तळाशी बहुधा एका वकिलाचे नाव असते. भाऊ ते नावही वाचत. ‘बघ, वकिलाचं नाव पेपरात कसं येतं ते. स्वतःसाठी नाही, अशिलासाठी,’ असे म्हणत. त्यांना नियम ठाऊक होता की नाही कोण जाणे, पण बोलणे अचूक होते.

आपल्या देशात वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ३६ वा नियम यासाठीच आहे. वकिलाची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. तीवर आपण पूर्वी न्यायाधीश होतो, बार कौन्सिलचे अध्यक्ष आहोत किंवा अमुक प्रकारच्या खटल्यांत निष्णात आहोत, असे लिहायची मुभा नाही. २००८ मध्ये हा नियम थोडा सैल झाला. नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढी ठराविक माहिती संकेतस्थळावर देता येऊ लागली. पण ‘आमच्याकडे या, खात्रीने जिंकून देऊ’ असे म्हणणे आजही गैरवर्तन ठरते.

हा सोवळेपणा कशासाठी, असे वाटेल. त्याचे उत्तर मुंबईतल्याच एका प्रकरणात मिळते. फोर्टातल्या एस्प्लनेड कोर्टाच्या दाराशी काही वकील अशिलांची वाट पाहत उभे राहत. पक्षकार दिसला की त्याच्याकडे धाव घेत, त्याच्या हातातले कागद ओढत, फी पाडून सांगत. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने कारवाई केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७५ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने बजावले की वकिली हा धंदा नव्हे, आणि अशी गिऱ्हाइके पळवणे हे व्यावसायिक गैरवर्तनच आहे. रेल्वे स्थानकाबाहेर रिक्षावाल्यांनी घेरले की आपण गोंधळून जातो. आधीच भेदरून कोर्टाची पायरी चढणाऱ्या माणसाचे काय होत असेल?

म्हणून नोटिशीखालचे वकिलाचे नाव ही जाहिरात नसते. ती एक जबाबदारी असते. हरकत कोणाकडे पाठवायची, कोणाला जाब विचारायचा, याचा तो पत्ता असतो.

ट्रंकेतले कागद

भाऊ २००९ साली गेले. पुढच्याच वर्षी आमची कानसईतली इमारत पाडायला निघाली आणि आम्ही शिवमंदिराच्या बाजूला नव्या घरात राहायला आलो. येताना भाऊंची पत्र्याची ट्रंक आली, माळ्यावर चढली आणि तिथेच राहिली. २०२१ मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, घरात बसून बसून कंटाळलेल्या माझ्या मुलीने ती खाली काढली. तिच्यात नोटिसांची कात्रणे होती, लाल शाईने खुणा केलेली. आणि त्यांच्या खाली एका कंपनीचे शेअर सर्टिफिकेट होते.

ती कंपनी विम्को नव्हे. विम्को तर २००५ साली आयटीसी समूहाकडे गेली. ही वेगळी, मुंबईची कंपनी. भाऊंनी बोनसच्या पैशातून कधीतरी तिचे थोडे शेअर घेतले होते आणि आम्हाला कधी बोलले नव्हते. कंपनीचे नाव इथे सांगत नाही, कारण पुढे जे झाले त्यात कायद्याप्रमाणे तिची चूक काढता येणार नाही.

चौकशी केली तेव्हा कळले ते असे. लाभांशाचे कागद जुन्या पत्त्यावर जात राहिले, तिथून परत गेले. कंपनी कायदा म्हणतो, सलग सात वर्षे एखाद्या शेअरवरचा लाभांश कोणी घेतला नाही, तर तो शेअरच केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा करायचा. मात्र तसे करण्यापूर्वी तीन महिने कंपनीने भागधारकाला त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर कळवायचे आणि त्याच वेळी इंग्रजी व प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रांत नोटीस द्यायची. कंपनीने पत्र पाठवले होते, आमच्या पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर. कंपनीने नोटीसही दिली होती, इंग्रजीत आणि मराठीत. ‘भागधारकांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे,’ अशी एक ओळ तीत होती. मुदत संपली. २०१८ मध्ये शेअर निधीकडे गेले.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटिसा वाचणाऱ्या माणसासाठी जेव्हा नोटीस निघाली, तेव्हा ती वाचायला तो घरात नव्हता. आणि आम्ही, जे घरात होतो, त्या दिवशीही खेळाचे पान वाचत होतो.

इथे कायद्यातली एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. कंपन्यांना काही ठराविक नोटिसा जिल्ह्याच्या मुख्य भाषेतल्या वर्तमानपत्रात द्याव्याच लागतात. नोंदणीकृत कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचे असेल किंवा सभासदांची नोंदवही काही दिवस बंद ठेवायची असेल, तर ठाणे जिल्ह्यातल्या कंपनीला ते मराठीत छापणे भाग आहे. ‘भागधारक’, ‘नोंदणीकृत कार्यालय’, ‘ठराव’, ‘सदर’ हे शब्द या नोटिसांमुळेच तर आपल्या परिचयाचे झाले. पण अक्षर पाळले म्हणजे अर्थ पाळला असे होत नाही. कित्येकदा ही मराठी नोटीस अशा वर्तमानपत्रात येते, ज्याचे नाव नाक्यावरच्या पेपरवाल्यालाही आठवावे लागते. भाषा अशी की मराठीतून मराठीत भाषांतर करून घ्यावे. दवंडी पिटायची तर खरी, पण गावाबाहेर जाऊन, दुपारी, सगळे शेतावर असताना!

निधीत गेलेले शेअर बुडत नाहीत, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ते परत मागता येतात आणि त्या मागणीला मुदतीची अट नाही. आयईपीएफ-५ नावाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद कंपनीकडे पाठवायचे, कंपनीने पडताळणी करून अहवाल दिला की निधीचे प्राधिकरण शेअर आपल्या डीमॅट खात्यात जमा करते. सांगताना एक वाक्य, करताना दोन वर्षे. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रे, बहिणींच्या नाहरकती, हमीपत्र. सर्टिफिकेटवर भाऊंच्या नावाची नुसती आद्याक्षरे होती आणि रेशनकार्डावर पूर्ण नाव. दोघे एकच, हे पटवायला आणखी एक प्रतिज्ञापत्र. ऐंशी ओलांडलेल्या आईला डीमॅट खाते उघडण्यासाठी कॅमेऱ्यासमोर बसवले, तेव्हा ती म्हणाली, ‘लग्नासाठी दाखवताना एवढे प्रश्न विचारले नव्हते.’

मसाल्याचे नाव

या धावपळीत मला नोटिसा वाचायची सवय लागली. आणि तिचा उपयोग झाला तो वहिनींना.

आमच्या चुलत वहिनी २००९ पासून घरगुती गोडा मसाला करून विकतात. सुरुवात शेजारपाजाऱ्यांपासून झाली, मग अंबरनाथ-बदलापूरची दुकाने आली. सासूबाईंच्या माहेरच्या हाकेचे नाव त्यांनी मसाल्याला दिले आणि ते पाकिटावर छापले. नोंदणी वगैरे काही केली नव्हती. ‘आपलं नाव आपलंच, त्याला सरकारचा शिक्का कशाला?’ असा त्यांचा सवाल.

नावाची नक्कल हा विषय आमच्या भागात तसा विनोदाचा. शेजारचे उल्हासनगर म्हटले की ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद कोणीतरी हटकून सांगतो. फाळणीत सर्वस्व गमावून कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या माणसांनी १९४९ मध्ये वसलेल्या या गावात हाताला मिळेल ते बनवायला सुरुवात केली आणि शून्यातून बाजारपेठ उभी केली, हे त्या विनोदात राहून जाते. पण विनोदाच्या मुळाशी असलेला प्रश्न खरा आहे. पाकिटावरचे नाव म्हणजे मालाबद्दल दिलेला शब्द. तो शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेला तर फसतो तो गिऱ्हाईक.

न्यायालयांनीही हा प्रश्न गिऱ्हाइकाच्याच डोळ्यांनी पाहिला आहे. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांचा १९७२ चा खटला प्रसिद्ध आहे. पार्लेच्या वेष्टनावर पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या. म्हैसूरच्या दुसऱ्या कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी, गाई-कोंबड्या. फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, दोन्ही वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका. एक पाहून गेलेला माणूस दुसरे हातात आल्यावर फसेल का, एवढे पाहा. त्याच्या दहा वर्षे आधी ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या खटल्यातही १९६२ साली न्यायालयाने सामान्य बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा गिऱ्हाईकच समोर ठेवला. थोडक्यात, पोराला दुकानात पिटाळताना आई जे नाव ओरडून सांगते, ते पोराला दुकानापर्यंत जेवढे आठवते, तेवढ्यावर कायदा उभा आहे.

तर, मी आग्रह केला म्हणून पुतण्या वहिनींच्या नावासाठी अर्ज करायला बसला. आजच्या नियमांनी एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४५०० रुपये. मसाले ३० व्या वर्गात मोडतात. अर्ज करण्याआधी त्याने सहज शोध घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. तेच नाव, तोच वर्ग, दुसऱ्या जिल्ह्यातला अर्जदार. अर्ज ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये प्रसिद्धही झालेला.

हे जर्नल म्हणजे व्यापारचिन्हांच्या नोटिसांचे पान. दर सोमवारी ते ऑनलाइन निघते. एखादे चिन्ह रजिस्ट्रारला नोंदणीयोग्य वाटले की ते आधी इथे जाहीर होते आणि तिथून चार महिने ‘तमाम जनतेला’ विरोध करायची मुभा असते. त्या काळात कोणी बोलले नाही, तर नोंदणीचा रस्ता मोकळा. नोंदणी दहा वर्षांची, पुढे हवी तितकी वाढवता येणारी. या जर्नलमध्ये आपल्या नावावर दुसऱ्याने हक्क सांगितला तर तो वर्तमानपत्रात येत नाही, दारावर कोणी टकटक करत नाही. रजिस्ट्रीच्या तपासणीत आधी नोंदलेली आणि अर्ज केलेली चिन्हे दिसतात. वहिनींच्या पाकिटावरचे नाव त्यांना दिसणार तरी कुठून?

प्रसिद्धीला अडीच महिने झाले होते. दीड महिना हातात होता. वहिनींनी घर उपसले. २००९ ची बिलबुके, पाकिटे छापणाऱ्या प्रेसची पावती, दिवाळीच्या प्रदर्शनातल्या स्टॉलचे भाडे भरल्याचा कागद, सगळे निघाले. समोरच्याच्या अर्जात ‘वापर करण्याचा विचार आहे’ अशी नोंद होती, म्हणजे त्याचा माल अजून बाजारात यायचा होता. कायदा आधी वापरणाऱ्याला मान देतो. कल्याणच्या एका वकीलबाईंनी कागद पाहून विरोधाची नोटीस दाखल केली.

विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने उत्तर द्यावे लागते. न दिल्यास त्याने अर्ज सोडून दिला असे धरले जाते. दोन महिने गेले. उत्तर आले नाही. अर्ज सोडून दिल्याचे समजण्यात आले!

वहिनींनी पेढे वाटले. मी खाल्ले. पण रात्री झोप लागेना. ज्या वाक्याने आमचे शेअर गेले होते, त्याच वाक्याने आमचे नाव वाचले होते. तो दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस लबाड होता की त्याच्याही घरी कोणी मसाला कुटत बसलेले होते आणि योगायोगाने तेच नाव सुचले होते, हे मला कधी कळणार नाही. त्याला नोटीस मिळाली आणि त्याने विचारपूर्वक माघार घेतली, की ती न उघडलेल्या कागदांत तशीच पडून राहिली? नोटिशीला यातला फरक कळत नाही. तिच्या लेखी दोन्ही मौने सारखीच.

घाबरू नका, पण वाचा

म्हणून वाचकहो, रविवारी एक पंधरा मिनिटे या पानाला द्या. वाचताना आधी नोटिशीची जात ओळखा. जमीन किंवा फ्लॅट घेण्यापूर्वी वकिलाने दिलेली खासगी नोटीस आणि कायद्याने बंधनकारक केलेली नोटीस, या दोन्ही दिसायला सारख्या पण वागायला वेगळ्या. पहिलीतले ‘चौदा दिवसांत हरकत न आल्यास’ वाचून छातीत धडधडू देऊ नका. तुमचा खरा मालकीहक्क निव्वळ अशा नोटिशीने नाहीसा होत नाही. पण घेणाऱ्याला ‘मी विचारले होते, कोणी बोलले नाही’ असे म्हणायची सोय तिने होते. म्हणून हरकत लेखी द्या, कागदपत्रांच्या प्रती जोडा, पोच घ्या. दुसऱ्या जातीच्या नोटिशीत मात्र मुदतच सगळे ठरवते. शेअरचे तीन महिने आणि व्यापारचिन्हाचे चार महिने कोणाच्या आजारपणासाठी वा लग्नकार्यासाठी थांबत नाहीत.

गावाचे नाव, सर्व्हे नंबर, मुदत आणि हरकतीचा पत्ता, एवढ्या चार गोष्टींवरून नजर फिरवायची. घर बदलले की बँकेइतक्याच तातडीने कंपन्यांना नवा पत्ता कळवायचा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, ती बोलती-चालती असतानाच विचारायचे की ट्रंकेत काय आहे. हे विचारणे आपल्याला अवघड वाटते, याची मला कल्पना आहे. आम्हालाही वाटले होते.

भाऊंच्या शेअरची गोष्ट पुरी करतो. सर्टिफिकेटे दोन होती आणि ट्रंकेत सापडले एकच. दुसरे हरवल्याबद्दल पोलिसांत तक्रार द्यावी लागली आणि वर्तमानपत्रात नोटीसही. तो रविवार मला आठवतो. अंक आला. या वेळी मी खेळाचे पान बाजूला ठेवले. उजव्या कोपऱ्यात, खाली, मुंगीच्या पावलांत भाऊंचे पूर्ण नाव छापून आले होते. पुढे ‘मयत’. आईला चष्मा दिला. तिने ती नोटीस दोनदा वाचली आणि कात्रण कापून देवघरातल्या पोथीत ठेवले.

दुपारी बेल वाजली. दारात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उभे. भाऊंबरोबर कारखान्यात पाळी करणारे, पश्चिमेला राहणारे काका. पंधरा वर्षांत गाठ नव्हती. इमारत पाडल्यावर आम्ही कुठे गेलो ते विचारत विचारत, रेल्वेचा पूल चढून-उतरून आले होते.

‘भाऊंचा मुलगा ना तू?’ ते म्हणाले. ‘सकाळी नोटीस वाचली. सर्टिफिकेट माझ्याकडे नाही रे बाबा. पण नाव वाचलं आणि म्हटलं, जाऊन यावं. मुलींच्या लग्नाच्या वेळी मला पैसे कमी पडले, तेव्हा तुझ्या वडिलांनी काही शेअर विकले होते. त्याच कंपनीचे. हा कागद तेव्हापासूनचा आहे.’ त्यांनी खिशातून घडी घातलेली जुनी दलालाची पावती काढली. हरवलेल्या सर्टिफिकेटचा क्रमांक तीवर होता.

म्हणजे ते हरवलेच नव्हते. ते भाऊंनी मित्रासाठी विकले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीला आणि पोलिसांना तसे लिहून दिले आणि त्या सर्टिफिकेटवरची मागणी मागे घेतली. २०२३ मध्ये उरलेले शेअर आईच्या खात्यात जमा झाले. रक्कम डोळे दिपवणारी नाही. तिच्या दोन वर्षांच्या औषधपाण्याची सोय होईल एवढी आहे.

काका आता दर रविवारी फोन करतात. नोटिसांच्या पानात अंबरनाथचे काही असले तर सांगतात. परवा मी त्यांना विचारले, ‘काका, तुम्ही का वाचता हो हे पान?’

‘तुझ्या वडिलांनीच लावली सवय,’ ते म्हणाले. ‘डबा खाताना मोठ्यानं वाचून दाखवायचे.’